रॉक-मेटलचं मराठी मासिक छापायचंय? पहिल्या अंकाआधी हे वाचा

आमचा पहिला अंक प्रेसमधून घरी आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. गठ्ठ्याची सुतळी कापली, वरची प्रत उचलली आणि थेट मधलं पान उघडलं, कारण तिथे आम्ही गायकाचा फोटो दोन्ही पानांवर पसरून टाकला होता, घामाने भिजलेला चेहरा, माइक ओठाला लागलेला, अख्ख्या अंकातला सगळ्यात भारी फोटो. पिन बरोब्बर त्याच्या डाव्या डोळ्यातून गेली होती. दोनशे प्रती, दोनशे डोळे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतर आम्ही चौघांनी आणखी चार अंक काढले, पुण्यातून, मराठीत, कागदावर. या काळात जे कळलं ते कुणी आधी सांगितलं असतं तर खूप पैसे आणि त्याहून जास्त मनस्ताप वाचला असता, म्हणून हे लिहितोय. छापील कशाला, असं बरेच जण विचारतात. रॉक आणि मेटल ऐकणारा माणूस हा मुळात वाचणारा माणूस आहे. कॅसेटच्या आतला घडीचा कागद उलगडून ड्रम कोणी वाजवले, रेकॉर्डिंग कुठे झालं, इतकंच काय आभारांची यादीसुद्धा पाठ करणारी पोरं आपल्याकडे होती आणि आजही आहेत. भारतात हे आधी झालेलं आहे, १९९३ मध्ये अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' सुरू झालं आणि कित्येक वर्षं देशभरातल्या बँड्सना एकमेकांची नावं त्यातूनच कळत होती. ते इंग्रजीत होतं. मराठीत वाचायला आवडेल असा माणूस मुंबई-पुण्यातल्या प्रत्येक गिगला (बँडच्या लाइव्ह कार्यक्रमाला) पहिल्या रांगेत उभा असतो, त्याच्या हातात द्यायला काहीतरी असावं एवढीच इच्छा.

आधी काय काय जमवायचं

लॅपटॉप कोणताही चालेल, फक्त रॅम बरी असू द्या. पानं लावायला इनडिझाइन किंवा फुकट मिळणारं स्क्रायबस (१.५ किंवा त्यानंतरचं व्हर्जन घ्या, जुन्यात देवनागरी जोडाक्षरं नीट बसत नाहीत). लोगोसाठी इंकस्केप, फोटोंसाठी गिंप किंवा फोटोशॉप. ट्रेसिंग पेपर, ०.१ ते ०.८ चे काळे पेन, स्टीलची पट्टी, कटर, आणि एक लांब हाताचा स्टेपलर. स्टेपलर डमी (अंकाचा कोरा नमुना) बनवायला लागतो, तो उधार आणू नका, घ्याच.

कागदपत्रांमध्ये प्रत्येक फोटोग्राफर, चित्रकार आणि बँडची लेखी परवानगी (ईमेल चालतो), फॉन्टचं लायसन्स, प्रकाशकाचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, आणि प्रेसचं लेखी कोटेशन. तोंडी कोटेशनवर काम देऊ नका.

१. पानं मोजा, मग मजकूर लिहा

आम्ही आधी लेख लिहिले आणि मग पानं मोजली, ते उलटं आहे. मधोमध पिन मारलेल्या अंकाची पानं चारच्या पटीतच असतात, कारण एक कागद दुमडला की चार पानं होतात. ३८ पानांचा अंक होतच नाही, एकतर ३६ नाहीतर ४०. ऑफसेटवर (प्लेट बनवून मोठ्या संख्येने होणारी छपाई) छापणार असाल तर प्रेसवाले फॉर्मच्या हिशोबात बोलतात, बहुतेक वेळा १६ पानांचा एक फॉर्म, म्हणून आतली ३२ आणि कव्हरची ४ अशी ३६ पानं हा नवख्यांसाठी मला सगळ्यात सोयीचा आकडा वाटतो.

साइज ए-५ घ्या, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. किंवा डेमी, साडेपाच बाय साडेआठ इंच, आपली बरीचशी मराठी पुस्तकं असतात ती. दोन्हीत फरक अगदी थोडा आहे पण प्रेसकडे कोणत्या मापाचा कागद पडलाय त्यावर कटिंगमध्ये किती वाया जाणार हे ठरतं, म्हणून फाइल बनवायच्या आधी फोन करून विचारा. ए-४ चा मोह होतो, मोठे फोटो, मोठी कव्हरं. पण गिगमध्ये विकत घेतलेला ए-४ अंक माणूस गुंडाळून मागच्या खिशात खुपसतो आणि घरी पोचेपर्यंत त्याचा बोळा झालेला असतो. ए-५ सॅकमध्ये सरळ जातो.

मग कोऱ्या कागदाच्या नऊ घड्या करून एकात एक घाला, पिन मारा, पेन्सिलने पानांवर आकडे टाका आणि कुठल्या पानावर काय ते लिहून काढा. ही डमी. स्क्रीनवर कितीही बघा, मधलं पान कुठलं, कुठली दोन पानं समोरासमोर येतात, पान उलटल्यावर डोळ्यासमोर आधी काय येतं, हे हातात डमी घेतल्याशिवाय समजत नाही. आमच्या गायकाचा डोळा डमी न केल्यामुळेच गेला. आता मधल्या पानावर चेहरा असेल तर तो पूर्ण डाव्या किंवा पूर्ण उजव्या बाजूला घेतो आणि पिनेच्या जागी अंधार, धूर किंवा पडदा येईल असा फोटो निवडतो.

२. नाव आणि नोंदणी

इंग्लंडचं 'केरँग!' १९८१ मध्ये 'साउंड्स' या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून आलं, आणि ते नाव म्हणजे इलेक्ट्रिक गिटारवर पॉवर कॉर्ड मारल्यावर येणारा आवाज. मराठीत असे नादाचे शब्द खच्चून भरलेत, दणका, कडकडाट, घणघण, ठिणगी हा नाद नाही पण चालेल. इंग्रजी 'डेथ', 'ब्लड', 'डार्क' जोडून केलेलं नाव मराठी अंकाला उपरं वाटतं असं माझं मत आहे.

नाव ठरलं की ते आधीच कोणाचं नाही ना हे बघा. नियमित निघणारं आणि बातम्या किंवा त्यावरचं भाष्य असणारं नियतकालिक काढायचं तर नोंदणी लागते. १८६७ चा जुना कायदा आता गेला, प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा २०२३ हा १ मार्च २०२४ पासून लागू आहे, ज्या नोंदणी कार्यालयाला आपण आरएनआय म्हणायचो त्याचं नाव आता प्रेस रजिस्ट्रार जनरल ऑफ इंडिया झालंय आणि अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. नावासाठी पर्यायही द्यायचे असतात, म्हणून कव्हरवरचं नाव चितारत बसायच्या आधी नाव मंजूर करून घ्या. एकच सुटा अंक काढून बघायचा असेल तर तुमचं प्रकाशन नियतकालिकात मोडतं का हे एखाद्या जाणकार प्रकाशकाला किंवा वकिलाला विचारून घ्या, अंदाजाने जाऊ नका. अंकात मुद्रक, प्रकाशक आणि छपाईचं ठिकाण मात्र छापाच.

३. मास्टहेड, म्हणजे कव्हरवरचं नाव

इथे वेळ घाला. अख्ख्या अंकात सगळ्यात जास्त वेळ इथे गेला तरी चालेल.

मेटल लोगोची एक परंपरा आहे. डावीकडचं आणि उजवीकडचं अक्षर आरशात बघितल्यासारखं वाढवायचं, त्यातून काटे, मुळं, पंख काढायचे, मधली अक्षरं त्यात गुंफायची. बेल्जियमचा क्रिस्तोफ श्पायदेल हा चित्रकार असे हजारो लोगो हाताने काढण्यासाठी ओळखला जातो, एम्परर या नॉर्वेजियन बँडचा लोगो त्याचाच. त्याचं काम जरूर बघा, पण बघताना हे लक्षात घ्या की तो रोमन अक्षरांचा खेळ आहे. रोमन अक्षरं एका ओळीवर उभी असतात, देवनागरी शिरोरेघेला लटकलेली असते. सगळा फरक इथून सुरू होतो.

पहिल्या प्रयत्नात आम्ही देवनागरी फॉन्टमध्ये नाव टाइप केलं आणि प्रत्येक टोकाला काटे चिकटवले, ते निवडुंगासारखं दिसलं. मग कळलं की काटे चिकटवायचे नसतात, अक्षरात आधीच जे आहे ते ताणायचं असतं. समजा शब्द 'दणका' आहे. शिरोरेघ ही तुमची तलवार, ती डावीकडे 'द'च्या पुढे आणि उजवीकडे 'का'च्या पुढे बाहेर काढा, टोकाला निमुळती करा. 'का'चा काना हा सरळ उभा दंड, तो खाली ओढून खंजीर होतो. आता डावीकडे त्याचा जोडीदार हवा, तर 'द'ची खालची शेपटी तेवढीच खाली आणा, दोघांची टोकं एकाच रेषेवर. 'ण' मध्ये दोन उभ्या रेघा आहेत, त्या मधोमध येतात, त्यांना वाढवू नका, त्या खांबासारख्या राहू द्या म्हणजे नजर तिथे टेकते. 'क'चं पोट भरीव करू नका, लहान साइजमध्ये ते बुजतं आणि 'क' चा गोळा होतो.

ट्रेसिंग पेपरवर एकावर एक आठ-दहा थर काढा, शेवटचा थर काळ्या पेनने गिरवा, ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि इंकस्केपमध्ये वेक्टर (कितीही मोठं केलं तरी न फाटणारं रेषांचं चित्र) करा. सॉफ्टवेअरकडून ऑटो-ट्रेस केल्यावर टोकं बोथट होतात, ती हाताने रेषेवरचा एकेक नोड (बिंदू) धरून टोकदार करावी लागतात. आमच्या मास्टहेडला यातच दोन रविवार गेले.

मोटरहेडने नावातल्या 'ओ'वर दोन टिंबं दिली आणि ती मेटलची खूणच झाली. मराठीत तसं टिंब देऊ नका, आपल्याकडे टिंब म्हणजे अनुस्वार, वाचणारा तो उच्चारणारच. मात्रा-वेलांटीही शोभेसाठी वाढवू नका.

बँडचा लोगो वाचता नाही आला तरी चालतो, चाहते तो आकाराने ओळखतात. मासिकाचं नाव वाचता आलंच पाहिजे. दोन सेंटिमीटर रुंदीत प्रिंट काढा आणि मेटलशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्या. आमच्या मित्राच्या मावशीने तिसऱ्या ड्राफ्टला "डंका" वाचलं, आम्ही परत 'ण' मोकळा केला, चौथ्याला तिने बरोबर वाचलं आणि तो पास झाला.

४. मजकुराचा फॉन्ट आणि मराठीची खास दुखणी

गॉथिक वळणाचा देवनागरी फॉन्ट शोधून त्यात अख्खा लेख लावायचा हा सगळ्यात कॉमन ट्रॅप आहे. वाचक दुसऱ्या परिच्छेदात सोडून देतो. मेटलपणा मास्टहेडमध्ये, चित्रांत, पानाच्या मोकळ्या-भरलेल्या जागांत दाखवा, मजकूर शांत असू द्या. फुकट आणि छपाईला मुक्त लायसन्स असलेले चांगले फॉन्ट आहेत, मजकुराला मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी, मथळ्यांना तेको किंवा खंड, हे दोन्ही उंच आणि आवळलेले आहेत त्यामुळे गिगच्या पोस्टरसारखा जोर येतो.

इनडिझाइन वापरत असाल तर पहिलं काम, पॅराग्राफ पॅनेलमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडा. नाही निवडला तर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात, आणि तुम्हाला वाटतं फॉन्ट खराब आहे.

मग मराठीचे 'श' आणि 'ल'. आपले वेगळे आहेत, हिंदीचे वेगळे. बऱ्याच फॉन्टमध्ये नुसतं टाइप केलं की हिंदी वळणाचे येतात, वाचकाला कारण सांगता येत नाही पण पान परकं वाटतं. तिरो देवनागरी मराठीमध्ये आपली वळणं थेट मिळतात, बाकी फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी सेट करून बघा, फॉन्टमध्ये सोय असेल तर बदलतात.

आणि आपल्या विषयात हमखास अडकणारं अक्षर म्हणजे 'ॲ'. ॲल्बम, ॲम्प, ॲकॉस्टिक, दर दोन ओळींनी येतं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्या जागी चौकोन येतो. कुणी लेख जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करून पाठवला आणि तुम्ही कन्व्हर्टरमधून काढला तर 'ॲ', 'ऱ्या' (दुसऱ्या, वाजवणाऱ्या) आणि अवतरणचिन्हं हमखास बिघडतात. फाइंडमध्ये हे तीन शोधा, मग बाकीचं मुद्रितशोधन.

माप सांगतो जे आम्हाला चाललं, मजकूर १० पॉइंट, ओळींमधलं अंतर १५ पॉइंट. इंग्रजीच्या हिशोबाने १२ ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. ए-५ वर लेखाला एकच कॉलम, परीक्षणांना फार तर दोन. दोन्ही कडा सरळ करायला जाऊ नका, मराठी शब्द लांब, कॉलम अरुंद, मग मधे मधे भगदाडं पडतात. डावीकडून सरळ लावा आणि ऑटो-हायफनेशन बंद.

५. काळा रंग

मेटलचं मासिक म्हणजे काळं पान, हे डोक्यातून जात नाही, आणि खरं तर जाऊही नये, पण काळा हा छपाईतला सगळ्यात अवघड रंग आहे.

एक, नुसती काळी शाई शंभर टक्के दिली की मोठ्या पट्ट्यात ती काळी नाही, फिकट पाटीसारखी दिसते. आमचं पहिलं कव्हर तसंच आलं, ट्यूबलाइटखाली धरलं की करडं. मोठ्या काळ्या भागासाठी रिच ब्लॅक, म्हणजे बाकीच्या तीन शायाही मिसळलेला काळा लागतो, साधारण सी (निळा) ६०, एम (गुलाबी) ४०, वाय (पिवळा) ४०, के (काळा) १०० टक्के. हे गुळगुळीत आर्ट पेपरसाठी. मॅपलिथो, म्हणजे वह्या-पुस्तकांसारखा साधा कागद, एवढी शाई पितो, वाळायला वेळ लागतो आणि समोरच्या पानावर डाग उतरतो, तिथे आकडे कमी करा आणि प्रेसच्या माणसालाच विचारा, त्याला त्याच्या मशीनची खोड माहीत असते.

दोन, मजकूर मात्र नुसत्या काळ्यातच, के १००, बाकी शून्य. वर्ड किंवा फोटोशॉपमधून आरजीबी (स्क्रीनच्या रंगांतला) काळा आणून बदलला तर तो चारही रंगांत फुटतो (७५, ६८, ६७, ९० असे काहीतरी आकडे दिसतील) आणि छापताना रंग केसभर जरी हलले तरी प्रत्येक अक्षराला गुलाबी-निळी झालर येते.

तीन, काळ्यावर पांढरी अक्षरं. देवनागरीत हे इंग्रजीपेक्षा जास्त घातक आहे कारण आपल्या मात्रा बारीक असतात आणि चारही शाया चारी बाजूंनी पसरून त्यांना खातात. पहिल्या अंकातल्या मुलाखतीत 'मी' चं 'मा' झालं होतं, वरची वेलांटी शाईने गिळली आणि नुसता काना उरला. काळ्यावर पांढरं हवंच असेल तर अक्षर ११ पॉइंटच्या वर, वजन मीडियम किंवा बोल्ड, आणि त्या पानाचा काळा चार रंगांचा नको, काळा शंभर आणि सोबत फक्त निळा चाळीस. तेही अंकात दोन-तीन पानांपुरतं. सलग आठ काळी पानं आली की नववं कुणी वाचत नाही.

चार, घडी. काळं कव्हर दुमडलं की पाठीवर पांढरी चीर पडते. प्रेसला क्रीझिंग (घडीच्या जागी आधी दाबून रेघ) करून मग दुमडायला सांगा आणि कव्हरला मॅट लॅमिनेशन करा. मॅटवर बोटांचे ठसे उठतात, पण ग्लॉसी काळं मला प्लास्टिकच्या टेबलक्लॉथसारखं वाटतं, मी ठसे पत्करतो.

पैसे कमी असतील तर आतली सगळी पानं एकाच रंगात छापा. १९७६ मध्ये लंडनच्या मार्क पेरीने 'स्निफिन ग्लू' हे पंकचं मासिक टाइपरायटर, स्केचपेन आणि फोटोकॉपीवर काढलं, आणि त्या खडबडीतपणावर पुढच्या कितीतरी पिढ्या पोसल्या गेल्या. झेरॉक्सचा खरखरीत काळा पंक, हार्डकोर, ब्लॅक मेटल यांना फार शोभतो. फक्त तो मुद्दाम निवडलेला वाटला पाहिजे, चुकून झालेला नाही, म्हणून सगळ्या अंकभर तोच ठेवा.

६. गिगचे फोटो

मोठ्या कॉन्सर्टमध्ये फोटोग्राफरला बहुतेक वेळा पहिली तीनच गाणी आणि फ्लॅशशिवाय, हा नियम असतो. लहान जागी नियम सैल असतो पण उजेड बेकार. ५० मिलिमीटर १.८ ची साधी लेन्स, आयएसओ ३२०० च्या आसपास, शटर १/२०० च्या खाली नको कारण डोकं झटकणारे लोक आहेत. ड्रमर कायम अंधारात असतो, त्याच्यासाठी स्टेजच्या कडेला परवानगी मागा, आजवर कुठल्याही ड्रमरने नाही म्हटलेलं नाही.

लाल एलईडीखाली चेहरा सपाट लाल पट्टा होतो. फोटो एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या उजेडात काढा, नंतर फक्त लाल चॅनेल घेऊन ब्लॅक अँड व्हाइट करा, चेहऱ्यावरच्या घामाच्या रेषासुद्धा परत येतात. निळ्या उजेडातले फोटो स्क्रीनवर झकास दिसतात आणि सीएमवायके (छपाईच्या चार शायांत) केले की मळकट जांभळे होतात, त्यांनाही ब्लॅक अँड व्हाइटच करा.

ए-५ च्या पूर्ण पानाला, कडेच्या ३ मिलिमीटर ब्लीडसकट (कापताना जाणारा जास्तीचा भाग), ३०० डीपीआयने साधारण १८२० बाय २५५० पिक्सेल लागतात. बँडवाले व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात, तो दाबून बारीक झालेला असतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा सांगा, किंवा ड्राइव्हवर. हे प्रत्येक बँडला प्रत्येक वेळी सांगावं लागतं, कंटाळा करू नका.

७. लोगो, चित्रं, गाण्याचे शब्द

बँडचा लोगो बँडकडूनच वेक्टरमध्ये मागा. तो ताणू नका, रंग बदलू नका, आणि खाली साध्या अक्षरात बँडचं नाव टाका, मुंबईच्या 'भयानक मौत' बँडसारखं नाव आपला वाचक लगेच ओळखतो पण सगळेच लोगो तेवढे सोपे नसतात. परदेशी ब्लॅक मेटल बँडचा लोगो छापण्याआधी तो बँड नाझी विचारांचा नाही ना हे तपासा, त्या प्रकारात असे बँड आहेत, आणि एकदा छापलं की ते तुमच्या अंकाचं मत होतं.

फोटोचा हक्क सहसा फोटोग्राफरचा. इंटरनेटवर मिळाला म्हणजे फुकट नाही. परीक्षणात गाण्याच्या एक-दोन ओळी उद्धृत करणं कायद्यात बसतं, अख्खं गाणं किंवा त्याचा मराठी अनुवाद छापायला परवानगी लागते.

मुखपृष्ठासाठी चित्रकाराला पैसे देऊन चित्र काढून घ्या. एआयने बनवलेली कवटी मेटलचे चाहते दहा फुटांवरून ओळखतात आणि अंक उचलतच नाहीत, हे मी आमच्या टेबलवर उभं राहून बघितलंय, चौथ्या अंकाच्या वेळी शेजारच्या टेबलवर. आणि सगळीकडे कवट्याच कशाला? वसईच्या किल्ल्यात भिंती फोडून आत शिरलेली वडाची मुळं बघा, कातळकड्यावरून कोसळणारा जुलैचा पाऊस बघा, संथ, जड डूम मेटलला याहून चांगलं चित्र काय पाहिजे. देवाधर्माच्या प्रतिमा वापरताना मात्र चौघांनी बसून बोला, परदेशात उलटा क्रॉस ही बँडची सही असते, इथे तुमच्याच वाचकाच्या घरात आजीचं अल्तार (ख्रिस्ती घरातला देव्हारा) असतं.

परीक्षणांना आम्ही स्टार देत नाही. त्याऐवजी एक छोटी चौकट, कोण काय वाजवतं, कुठे रेकॉर्ड केलं, आणि आधी कुठलं गाणं ऐकायचं. अंकातला सगळ्यात जास्त वाचला जाणारा भाग हाच आहे, त्याला ७ पॉइंटमध्ये कोपऱ्यात कोंबू नका.

८. प्रेस

शंभर-दोनशे प्रतींना डिजिटल, त्याच्या बऱ्याच वर गेलात तर ऑफसेट. कागद हातात घेऊन निवडा, आम्ही आत ९० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम, आकडा मोठा तेवढा कागद जड) मॅपलिथो आणि कव्हरला २५० जीएसएम आर्ट कार्ड वापरतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काम देऊ नका. आपल्याकडे १९०९ पासून दिवाळी अंकांची परंपरा आहे आणि त्या दोन महिन्यांत पेठांमधल्या प्रेस आणि बाइंडर सगळे त्यात बुडालेले असतात, तुमचा छोटा अंक मागे पडतो आणि गिगची तारीख निघून जाते. आमचा दुसरा अंक असाच गिगनंतर नऊ दिवसांनी आला. गिगच्या तारखेच्या निदान तीन आठवडे आधी फाइल द्या.

फाइल पीडीएफ/एक्स-१ए (छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार), सीएमवायके, ३ मिलिमीटर ब्लीड, क्रॉपमार्कसकट (कापायच्या खुणा), आणि पानं एकेक सुटी द्या, जोडीने नको, मांडणी प्रेसवाले लावतात. द्यायच्या आधी पीडीएफमध्ये 'ॲ', 'ऱ्य', 'श' शोधून डोळ्यांनी बघा. छापील प्रूफ मागा आणि ते खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बघा. प्रूफवर सही केली की चूक तुमची, म्हणून घाईत सही करू नका. माणूस घड्याळाकडे बघत असला तरी पूर्ण ३६ पानं उलटा.

९. अंक लोकांपर्यंत

३६ पानांचा हा अंक साधारण ६० ग्रॅमचा होतो, म्हणजे शंभर प्रती सहा किलो, एका सॅकमध्ये मावतात. पोस्टाने पाठवायला वजनाप्रमाणे दर काउंटरवर विचारा, आणि पाकिटात मागे पुठ्ठा घाला, नाहीतर कोपरे दुमडतात.

गिगला टेबल लावायचं तर आयोजकांना आधी सांगा आणि सोबत एक छोटा दिवा न्या. अंधारात काळं कव्हर दिसत नाही, आम्ही पहिल्यांदा दोन तास उभे राहिलो आणि सात प्रती गेल्या, पुढच्या वेळी एलईडी पट्टा चिकटवला आणि मध्यंतरातच चाळीस गेल्या. सुटे पैसे ठेवा, क्यूआर कोड ठेवा, पण तळघरातल्या जागी नेटवर्क मिळेलच असं नाही.

ज्या बँडवर लिहिलंय त्याला प्रत्येक सदस्यामागे एक प्रत द्या, मॅनेजरला एक देऊन सोडू नका. तिसऱ्या अंकात एका बेसिस्टचं नाव चौकटीत बरोबर छापलं होतं, त्याने ते पान उघडून तिथेच स्टेजमागे आईला व्हिडिओ कॉल लावला, आणि आई म्हणाली अक्षर मोठं आहे, चष्म्याशिवाय वाचता येतंय.